प्रतापरावांना पदवी

ट्रॉय, मिशिगन इथल्या आमच्या मराठी मंडळाचे १९८२ साली एकसष्ट सभासद होते आणि त्यांतल्या सतरा जणांना पदव्या होत्या. दोनशे बटाटेवडे एकटीने तळणाऱ्या काकू ‘अन्नपूर्णा’ होत्या. मुंजीसाठी शिकागोहून भटजी आणणारे गृहस्थ ‘संस्कृतिरक्षक’ होते. हॉलच्या पार्किंगमधला बर्फ फावड्याने उपसणारे ‘समाजभूषण’ होते. समाजभूषण एकाच वर्षी तीन झाले, कारण त्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. पदवीबरोबर शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळायचं. शाल मंडळाकडे एकच होती, त्यामुळे सत्कार संपला की तिची घडी करून परत घ्यायचे.

मानपत्रं मी लिहायची. मी विनीता. नागपूरला प्राचीन इतिहास घेऊन एम.ए. झाले, लग्न करून इथे आले आणि आठवड्यातून दोन दिवस कम्युनिटी कॉलेजात ‘वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ शिकवायला लागले. ग्रीस हा माझा जीव की प्राण. इंजिनिअरांच्या गावात ग्रीस कोणाला लागत नाही. “विनीताला वेळ असतो,” असं सगळे म्हणायचे, आणि त्या वेळात मी ‘आपल्या कर्तृत्वाचा सुगंध सातासमुद्रापार दरवळत आहे’ असली वाक्यं लिहायची. हे वाक्य मी बर्फ उपसणाऱ्या तिघांनाही दिलं होतं. कोणी तक्रार केली नाही.

त्या वर्षी गाड्या खपत नव्हत्या. गाड्या खपल्या नाहीत की त्यांची दारंही कोणाला नको असतात, आणि माझा नवरा रवी दारांच्या बिजागऱ्या करणाऱ्या कंपनीत ड्राफ्टिंगला होता. चाळीस माणसांचा विभाग, त्यात सात मराठी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर प्रतापराव, तेही मराठीच. फेब्रुवारीत कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट मिस्टर व्हॅन्डरमीर यांनी प्रतापरावांना आत बोलावलं आणि सांगितलं, एकतीस मार्चला मला दहा नावांची यादी हवी. ज्याच्यावाचून काम सगळ्यात कमी अडेल तो पहिला, असं उतरत्या क्रमाने दहा. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी डबे उघडेपर्यंत चाळीसही जणांना कळलं होतं.

आमचे ग्रीन कार्डाचे कागद अर्ध्यात होते. नोकरी गेली असती तर बॅगा भरून नागपूरला परत, सासऱ्यांच्या दुकानामागच्या खोलीत, तेही नऊ वर्षांच्या मुलीला, उत्तराला, घेऊन. तिला मराठी समजायचं पण उत्तर इंग्रजीतच यायचं. तिला तिथल्या चौथीत कसं घालायचं? रवीच्या कामाची मला काळजी नव्हती. रवीसारखी बिजागरी अख्ख्या विभागात कोणी काढत नाही हे मी आठ वर्षं ऐकत आले होते, रवीकडूनच. काळजी होती ती प्रतापरावांची.

प्रतापरावांना तोंडावर चांगलं बोलता येत नसे. त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे “ओके”. कोणाकडे जेवायला गेले तर आमटीत मीठ जास्त आहे हे ते यजमानीणबाईंना सांगायचे, आणि ते खरंच जास्त असायचं. रवीचं एक ड्रॉइंग त्यांनी अकरा वेळा परत पाठवलं होतं. अशा माणसाच्या हातात आपलं नशीब आहे म्हटल्यावर झोप कुठून लागणार?

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी बाळकाका आमच्याकडे आले. बाळकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. अकरा वर्षं तेच अध्यक्ष होते, कारण दुसरं कोणी उभं राहत नसे. त्यांचा जावई प्रसन्न त्या सात जणांतलाच.

“विनीता, पाडव्याला प्रतापचा सत्कार करायचा,” चहा यायच्या आत ते म्हणाले. “सत्तावीस तारखेला कार्यक्रम, एकतीसला यादी. बरोब्बर बसतंय.”

“सत्कार कशाबद्दल?”

“ते तू बघ. त्यासाठीच तर आलोय.”

मी चिडले. मी चिडले की शिकवायला लागते, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हटलं, “काका, तुम्हाला वाटत असेल हे तुम्हालाच सुचलंय. ग्रीक शहरं हेच करायची. बलाढ्य राजा दाराशी आला की शहराची सभा भरायची आणि ठराव व्हायचा. राजाला पदवी ‘सोतेर’, म्हणजे त्राता. नाहीतर ‘युएर्गेतेस’, म्हणजे उपकारकर्ता. वर सोन्याचा मुकुट, चौकात पुतळा, नाटकाला पुढच्या रांगेत जागा. अथेन्सच्या लोकांनी एका राजाला त्राता म्हणून थेट देवळात राहायला जागा दिली. पुढे तो लढाई हरला, तेव्हा त्याच अथेन्सने निरोप धाडला की आता इकडे येऊ नका.”

“आणि मधल्या काळात?”

“मधल्या काळात काय?”

“शहर शाबूत राहिलं ना?”

“राहिलं.”

“मग झालं तर,” बाळकाका म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

मी सोडलं नाही. म्हटलं, इजिप्तच्या एका ग्रीक राजाला उपकारकर्ता अशी पदवी होती आणि अलेक्झांड्रियाचे लोक पाठीमागे त्याला अपकारकर्ता म्हणायचे, शिवाय ढेरपोट्या. बाळकाका म्हणाले, पाठीमागे आपणही काहीतरी ठेवू. मी म्हटलं, आणखी एकाचं इतिहासात नाव ‘भावंडांवर प्रेम करणारा’, त्याने दोन भाऊ मारवले आणि सख्ख्या बहिणीशी लग्न केलं. बाळकाका म्हणाले, प्रतापचं तसलं काही नाही, उलट सोपंच आहे.

शेवटी बोलायच्या भरात मी त्यांना त्या ठरावांमधली खरी मेख सांगून टाकली. सांगायला नको होती. पुढे जे व्हायला हवं असेल ते झालंच आहे असं लिहायचं. राजाने आमच्या शहराला नेहमीच सांभाळलं, संकटात कधी पाठ फिरवली नाही, असं दगडात कोरायचं आणि भर सभेत त्याच्यासमोर वाचायचं. एकदा चारचौघांत वाचलं गेलं की त्याला उलटं वागणं जड जातं. पदवी म्हणजे मान नव्हे, गळ्यात घातलेलं दावं.

बाळकाकांनी कप खाली ठेवला. “अगदी हेच लिही,” ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये सातही घरची बैठक झाली. पदवी कोणती द्यायची यावर दोन तास गेले. रत्न आणि भूषण वापरून झाली होती. प्रसन्नने ‘उद्योगमहर्षी’ सुचवलं. रवीने ‘अभियांत्रिकीभास्कर’ सुचवलं. कोणीतरी मागून ‘बिजागरीसम्राट’ म्हणालं आणि सगळ्यांना हसू आलं, तेव्हा ज्याला हसू आलं नाही असा एकच जण होता, धर्मराज.

धर्मराज औरंगाबादचा, तिशीच्या आतला, साचे आखणारा डाय डिझाइनर. बुद्धजयंतीला तो आम्हाला खीर खायला बोलवायचा आणि माझ्याशी ग्रीकांबद्दल बोलणारा गावात तो एकटाच होता. “ताई, आपल्याकडच्या त्या ग्रीक मिलिंद राजाचं नाणं तुम्ही बघितलं असेल,” तो म्हणाला. “एका बाजूला ग्रीकमध्ये सोतेर. दुसऱ्या बाजूला आपल्या प्राकृतात त्रातर. तेच ठेवा, त्राता. एवढी वर्षं टिकलेला शब्द आहे.”

“वा,” बाळकाका म्हणाले.

“पण एक आहे,” धर्मराज म्हणाला. “आमच्याकडे त्या राजाचं नाव कॉलेजला दिलंय. नाव उगाच देत नाहीत. शब्द दिला तर तो मनापासून द्यायचा.”

“अरे यार, प्रतापबद्दल बोलतोय आपण,” प्रसन्न म्हणाला.

“मी पण त्यांच्याबद्दलच बोलतोय. ते मला कधी चांगलं बोलले नाहीत. माझ्यापुरतं वेगळं वाईटही बोलले नाहीत. मला आणि तुला सारखंच टाकून बोलतात. मी अमेरिकेत येईपर्यंत असा मराठी साहेब बघितला नव्हता.”

बाळकाकांनी लगेच पदवी सर्वानुमते मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

मानपत्र मी एका बैठकीत लिहिलं. सुगंध आणि सातासमुद्रापार या वेळी घातलं नाही. ग्रीक पद्धतीने घाव नेमका घातला. मधलं वाक्य असं होतं: ‘ज्यांनी आपल्या हाताखालच्या एकाही माणसाच्या चुलीवर पाणी पडू दिलं नाही, स्वतः झळ सोसली परंतु दुसऱ्यास लागू दिली नाही, अशा आपणांस हा समाज कृतज्ञतेने त्राता ही पदवी अर्पण करीत आहे.’ चुलीचा भाग हे आमचं मागणं होतं. ‘स्वतः झळ सोसली’ हे मी केवळ लय साधावी म्हणून घातलं. नुसतं ‘झळ लागू दिली नाही’ कानाला तोकडं वाटत होतं.

उत्तरा टाइपरायटरशेजारी उभी होती. मी तिला अर्थ सांगितला. “इज इट ट्रू, आई?” तिने विचारलं.

“नॉट येट,” मी म्हटलं.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग बाळकाकांना प्रमुख पाहुणे आठवले. प्रमुख पाहुण्यांशिवाय सत्कार त्यांना पटत नसे. त्यांच्या सांगलीच्या शाळेत म्हणे तलाठी का होईना पण कोणीतरी बोलवायचेच. सत्कारमूर्तीपेक्षा मोठा माणूस पाहिजे, आणि प्रतापरावांपेक्षा मोठा असा एकच माणूस त्यांना ठाऊक होता. त्यांनी मिस्टर व्हॅन्डरमीरना घरी फोन करून आमंत्रण दिलं. मिस्टर व्हॅन्डरमीर येतो म्हणाले. मी बाळकाकांना म्हटलं, काका, ज्याने यादी मागितली त्यालाच तुम्ही जेवायला बोलावताय. ते म्हणाले, त्याच्यासमोर वाचलं तर प्रतापची पत वाढेल. शिवाय मानपत्र मराठीत आहे, त्याला काय कळणार आहे?

पाडव्याचा कार्यक्रम एका ग्रीक चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता, कारण तो स्वस्त मिळायचा. हॉलच्या भिंतीवर संगमरवरी पाटी होती आणि तिच्यावर चर्चला मदत करणाऱ्यांची नावं तीन पायऱ्यांत कोरली होती: दाते, उपकारकर्ते आणि महाउपकारकर्ते. मी बाळकाकांना ती ग्रीक अक्षरं बोट ठेवून वाचून दाखवली. तोच शब्द, युएर्गेतेस. बाळकाका बराच वेळ पाटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हे अजून चालू आहे?” पुढच्या वर्षीपासून मंडळातही तीन पायऱ्या कराव्यात असं त्यांच्या मनात आलेलं मला चेहऱ्यावर दिसलं.

गुढी उभी राहिली, मुलांचे नाच झाले, मग सत्कार. प्रतापराव खुर्चीत ताठ बसले होते. शेजारी त्यांची बायको सुलेखा, हिरव्या पैठणीत. मी मानपत्र वाचायला लागले. चुलीच्या वाक्याला आले तेव्हा मी मुद्दाम प्रतापरावांकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्यांना दावं दिसेल. चतुर माणूस, ते लगेच ओळखतील आणि कपाळाला आठ्या घालतील. पण प्रतापरावांनी चष्मा काढला होता. त्यांचे डोळे भरले होते. आजवर त्यांच्याबद्दल कोणी काही चांगलं लिहिलं नव्हतं, आणि त्यांना ती सगळी ग्रीक पद्धत ठाऊक नव्हती.

ते बोलायला उभे राहिले. “यातलं काहीच मी केलेलं नाही,” ते म्हणाले. लोकांना तो विनय वाटला, टाळ्या पडल्या. “पण विनीतावहिनींनी लिहिलंय.” पुन्हा टाळ्या. “ठीक आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले.

जेवायच्या वेळी मी श्रीखंड वाढत होते. मिस्टर व्हॅन्डरमीर बाळकाकांच्या शेजारी बसून पुरीचं काय करायचं ते बघत होते. बाळकाकांनी त्यांना मानपत्राचा अर्थ इंग्रजीत सांगितला. विचारलं नव्हतं, तरी सांगितला. पदवीशी आल्यावर ते म्हणाले, “सेव्हियर. ही सेव्हड ऑल अवर पीपल.”

“फ्रॉम व्हॉट?” मिस्टर व्हॅन्डरमीरनी विचारलं. साधा, भला प्रश्न होता.

“फ्रॉम यू, सर,” बाळकाका म्हणाले. आणि पाहुण्यांना नीट समजावं म्हणून पुढेही सांगितलं की यादीत आमच्या सातांपैकी एकही नाव येणार नाही याची समाजाला खात्री आहे.

माझ्या हातातला डाव श्रीखंडात तसाच राहिला. मिस्टर व्हॅन्डरमीर “आय सी” म्हणाले आणि आणखी एक पुरी घेतली.

ते तीन दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. मी बाळकाकांचा फोन घेत नव्हते. बुधवारी, एकतीस तारखेला, साडेपाचला रवीची गाडी ड्राइव्हवेत आली तेव्हा मी खिडकीतच उभी होते. तो आत आला, बूट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, “दहा जण गेले. आपल्यातला एकही नाही.”

मी त्याला मिठी मारली. उत्तरा उगाचच उड्या मारायला लागली. मी रडले, हसले, शिरा करायला उठले. तूप घालत होते तेव्हा रवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, “म्हणजे, सात जणांतला एकही नाही. दहावे प्रतापराव आहेत.”

बातमी गावभर झाली. बाळकाका फोनवर “अरेरे” म्हणाले, मग “प्रसन्न मात्र राहिला” म्हणाले. मंडळातल्या लोकांना वाईट वाटलं. ते एकमेकांना फोन करून वाईट वाटल्याचं सांगत होते. प्रतापरावांना कोणी फोन केला नाही. अथेन्सबद्दल मी वर्गात किती तोऱ्यात बोलायची! त्या महिन्यात मीही फोन केला नाही. धर्मराज तेवढा दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसायचा, असं नंतर कळलं.

एप्रिलच्या शेवटी भारतीय किराण्याच्या दुकानात तूरडाळीच्या पोत्यांपाशी सुलेखा भेटली. मला टाळता आलं नाही. ती हात न थांबवता डाळ निवडावी तसं बोलत गेली.

“तुला वाटत असेल त्या गोऱ्याने काढलं. तसं नाही झालं. प्रतापची यादी तर शुक्रवारीच तयार होती. रविवारी सकाळी नाश्त्याला घेऊन बसला आणि एक नाव खोडलं. रवीचं. आपल्यातलं तेवढं एकच होतं. मी म्हटलं, मग त्या जागी दुसरं घाल. म्हणाला, दुसरं घातलं तर तीही कोणाची तरी चूलच. मी म्हटलं, अरे, ते मानपत्र आहे, मानपत्रात काहीही लिहितात. म्हणाला, चारशे पुऱ्यांसमोर वाचलंय ते. सोमवारी नऊ नावं घेऊन गेला. साहेब म्हणाला, दहा सांगितली होती, आणि शनिवारी मी जे ऐकलं त्यानंतर त्यात तुमच्यातला एक तरी पाहिजे, नाहीतर उरलेले तेहतीस माझ्यावर वकील सोडतील. कोण ते तू सांग. हा म्हणाला, आमच्यातलाच एक हवा ना? मग मी आहे.”

“सुलेखा,” मी म्हटलं.

“तुझं ते वाक्य पाठ आहे त्याला. स्वतः झळ सोसली. दाढी करताना म्हणतो.” तिने पोतं ढकलगाडीत टाकलं. “रवीचं वाईट वाटून घेऊ नकोस. असेल सातवा-आठवा कुठेतरी. मी काही यादी वाचली नाही.”

घरी येऊन मी सामान तसंच ठेवलं आणि बसून राहिले. मला प्रतापरावांचा राग आला. माणसाने मानपत्र खरं मानायचं असतं का? मग स्वतःचा राग आला, मग रवीचा. रवीला मी काही सांगितलं नाही. तो ऑफिसातून आला आणि नवा साहेब कसा आहे ते सांगत बसला. नवा साहेब “गुड जॉब” म्हणायचा. सगळ्यांनाच म्हणायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, प्रतापराव दारात उभे राहिले. हातात तपकिरी पाकीट. मंगळवारी मी घरी असते का, हे त्यांनी धर्मराजला विचारलं होतं.

“वहिनी, तुमच्याकडे टाइपरायटर आहे ना? नॉर्थ कॅरोलायनात कॅरी म्हणून गाव आहे, तिथल्या एका कंपनीचा फॉर्म आलाय. माझं अक्षर वाईट.”

मी त्यांना बसवलं, चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि साखर जास्त आहे म्हणाले. मी फॉर्म मशीनमध्ये चढवला. नाव, पत्ता, शिक्षण. मागची नोकरी: नऊ वर्षं. हाताखाली माणसं: चाळीस. मी म्हटलं, इथे कामाबद्दल थोडं लिहायला जागा आहे, मी चांगलं लिहून देते. ते घाईने म्हणाले, “नको, नको. तुम्ही नका लिहू. जे आहे तेच राहू दे.”

खाली एक चौकोन होता, मागची नोकरी सोडण्याचं कारण. माझी बोटं थांबली. प्रतापरावांनीही तो चौकोन वाचला. बाहेर शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

“काय लिहू?” मी विचारलं.

“विभागात कपात झाली म्हणून लिहा.”

मी टाइप केलं. तीन शब्द लागले. एवढी वर्षं मी लोकांना नसलेले गुण चिकटवत आले होते, आणि आता समोर असलेलं तेवढं लिहायची मला सोय नव्हती. मला तिथेच रडू फुटलं. प्रतापराव अवघडून इकडेतिकडे बघायला लागले. ते गप्प बसले असते, पण मला राहवलं नाही.

“प्रतापराव, मला सुलेखाने सांगितलंय. त्या यादीत रवी होता ना? सातवा-आठवा?”

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

“नाही हो वहिनी,” ते म्हणाले. “पहिला होता.”

मग त्यांनी मशीनमधला फॉर्म हळूच सोडवून घेतला आणि सही कुठे करायची ते विचारलं.